पाठ झालेला तक्ता

त्या गुरुवारी बेल वाजली तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती आणि आई फळ्यापाशी उभी होती.

आमच्या बाहेरच्या खोलीत एक मोठं टेबल, त्याभोवती चार मुलं आणि भिंतीला टेकवलेला, शाळेने टाकून दिलेला फळा. आईच्या शिकवणीला हुशार मुलं नसत. प्रगतिपुस्तकात लाल रेघा जास्त असतील त्यांनाच ती घ्यायची. "हुशारांना कोणीही शिकवेल," म्हणायची.

"बघ गं कोण आहे," ती मागे न वळता म्हणाली.

मी दार उघडलं. समोर एक उंच माणूस. कानामागे इवलासा पेचकस, शर्टाच्या खिशात कुणाचा तरी एका दांडीचा चष्मा, हातात चिठ्ठी आणि चेहऱ्यावर राग. पण तो राग त्याच्या मापाचा वाटत नव्हता, दुसऱ्याचा अंगात घातल्यासारखा दिसत होता.

"बाई आहेत?"

"शिकवतायत."

"मलाही शिकवलंय त्यांनी. चिठ्ठीतून." त्याने कागद माझ्यापुढे धरला. आईचं अक्षर – 'भाचीचे डोळे तपासून घ्यावेत.' "ताई, चौकातलं चष्म्यांचं दुकान माझं आहे. मी गावाचे डोळे तपासतो. आणि मला म्हणे डोळे तपासून घ्या!"

मला हसू आलं.

"हसू नका."

"हसत नाहीये."

"दिसतंय मला. धंदाच आहे तो माझा."

"मामा, आत या," आतून आईचा आवाज आला. "दारात भांडलात की मुलांचं लक्ष तिकडे जातं."

ते आत आले. भाची टेबलाच्या टोकाला बसली होती. नववीतली, उंच, काटकुळी. सगळे तिला पेन्सिल म्हणत. तिची आई परगावी नोकरीला, म्हणून ही मामाकडे राहायची. गणितात दोन्ही चाचण्यांत नापास. वार्षिक परीक्षेतही तेच झालं, तर शाळा तिला पुन्हा नववीतच बसवणार होती.

"बाई, दर सहा महिन्यांनी मी हिचे डोळे बघतो. तक्त्यातली शेवटची ओळ धडाधड वाचते. गिऱ्हाइकांना सांगत असतो मी, डोळे असावेत तर माझ्या भाचीसारखे!"

पेन्सिलने मान वहीत आणखी खाली घातली.

"परत बघा," आई म्हणाली.

आईच्या 'परत बघा'पुढे कुणाचं काही चालत नसे. मामा वळले, आणि जाता जाता माझ्यापाशी थांबले.

"तुमच्या चष्म्याची डावी दांडी सैल झालीये. मघापासून चार वेळा बोटाने वर ढकललात."

त्यांनी हात पुढे केला. मी चष्मा काढून दिला – का दिला कोण जाणे. चष्म्याशिवाय मला सगळं वाफेतून दिसल्यासारखं दिसतं. त्या वाफेत एक उंच आकृती आणि पेचकस फिरल्याचा बारीकसा आवाज. मग चष्मा त्यांनीच माझ्या नाकावर ठेवला. डावा कान बघितला, उजवा बघितला.

"खाली बघा... आता वर."

मी वर पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. म्हणजे, चष्म्याकडे.

"बसला?"

"...बसला."

"मामा," आई फळ्याकडे तोंड करूनच म्हणाली, "माझ्या मुलीची तपासणी झाली असेल, तर आम्ही त्रैराशिकाकडे वळतो."

टेबलावरचे जुळे भाऊ एकदमच फिसकन हसले. ते सगळं एकदमच करत.

मी चार दिवसांच्या सुटीवर आले होते. दूरच्या शहरात एका प्रकाशनसंस्थेत मी पुस्तकांच्या सूची करते. पुस्तकाच्या शेवटी असते ना, कोणता शब्द कोणत्या पानावर – ती. आठ वर्षं मी तिथे एका खोलीत राहत होते आणि या खेपेला आईला एक गोष्ट सांगायची ठरवून आले होते. मला तिथे राहायचं नाहीये. सूची काय, कुठेही बसून करता येते. मला या घरात यायचं होतं.

पण आमच्या घरात असलं काही बोलायची रीत नव्हती. उत्तर बरोबर आलं की आई समासात एक टिंब द्यायची, आमच्याकडचं कौतुक ते एवढंच.

रात्री जेवताना तिने विचारलं, "काहीतरी बोलायचंय तुला. आल्यापासून घुटमळतेयस."

"काही नाही गं."

"बरं. उद्या सांग."

सकाळी सहाचा गजर वाजला आणि वाजतच राहिला. आई रोज गजराच्या आधी उठून तो बंद करायची.

*

आई गेल्याच्या बाराव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता दार उघडलं, तर चौघं दप्तरं घेऊन उभी. जुळे, पेन्सिल आणि वर्गात हमखास झोपी जाणारा डुलक्या.

"ताई, आम्ही परत जाऊ का?" पेन्सिलने विचारलं.

"नको. या," मी म्हटलं. वार्षिक परीक्षेचा निकाल लागेपर्यंतची रजा त्याच रात्री लिहून पाठवली.

शिकवायचं कसं, ते मला माहीत नव्हतं. मला सूची करता येत होती. म्हणून मी गणिताच्या पुस्तकाची सूची केली. कोणतं सूत्र कुठे, कोणतं उदाहरण कशासारखं. चार रंगांच्या शाया, सुंदर टिपणं. मुलांनी ती उतरवून घेतली, पट्टीने अधोरेखित केली, रोज वाचली. "येतंय ना?" मी विचारायचे. "येतंय, ताई!" चौघं म्हणायची.

चाचणी झाली. चौघांनाही आधीपेक्षा कमी गुण.

त्या संध्याकाळी मामा भाचीला न्यायला आले. मुलं अंगणात होती आणि मी चार उत्तरपत्रिका पुढ्यात घेऊन बसले होते.

"ताई, येऊ का?"

"या. माझा निकाल लागलाय, तो बघतेय."

ते समोरच्या खुर्चीत बसले, माझं रंगीत टिपण उचललं आणि बराच वेळ बघत राहिले. "सुंदर आहे हो. फ्रेम करून लावावंसं."

"टोमणा आहे?"

"निम्मा." ते हसले. हसले की त्यांच्या डोळ्यांच्या कडांना तीन-तीन सुरकुत्या पडत. मी मोजल्या होत्या. "सांगू का? माझ्या दुकानात तपासणीच्या खुर्चीसमोर अक्षरांचा तक्ता आहे आणि बाजूला वाट बघणाऱ्यांचा बाक. बाकावर बसलेला माणूस अर्धा तास काय करणार? तक्ता वाचतो. पुढे जाऊन वाचतो, मागे येऊन वाचतो. मग खुर्चीत बसला की घडाघडा म्हणून दाखवतो. त्याला दिसत नसतं हो. त्याला पाठ झालेलं असतं. आणि गंमत म्हणजे, त्याला स्वतःलाही वाटतं की दिसतंय!"

"मग तुम्ही काय करता?"

"तक्ता बदलतो."

मी टिपणाकडे बघत राहिले. माझी मुलं बाकावर बसून तक्ता वाचत होती. पुस्तक रोज उघडं. रोज तेच बघून ओळखीचं झालेलं, आणि त्या ओळखीलाच ती 'येतंय' म्हणत होती. पुस्तक मिटून स्वतः आठवायला मी एकदाही सांगितलं नव्हतं.

नकळत मी पेन्सिलची उत्तरपत्रिका ओढली. तिची रीत बरोबर होती. प्रत्येक गणितात पायऱ्या बरोबर आणि उत्तर चूक. मग शाळेची वही उघडली. तिथेही तेच. शाळेत पुस्तकातलीच गणितं फळ्यावर लिहून देत, पण पुस्तकातल्या ८च्या जागी वहीत ३. ६च्या जागी ५. गणित चुकत नव्हतं, फळ्यावरून उतरवतानाच आकडा चुकत होता. आणि या चाचणीचे प्रश्न सरांनी फळ्यावरच लिहून दिले होते.

"मामा..." मी हळूच विचारलं, "तुमची भाची तुमच्या दुकानात किती वेळ असते?"

"शाळा सुटली की तिथेच. पहिल्यापासून. बाकावर बसूनच तर तिचा अभ्यास..."

ते बोलता बोलता थांबले.

*

रविवारी सकाळी दुकानात आम्ही तिघंच. पेन्सिल उंच खुर्चीत बसली, समोर दिव्याची पेटी आणि तिच्यावर तक्ता. मामांनी दिवा लावला.

"वाच."

"र, ट, ग. प, म, ल, न," ती सुरू झाली. शेवटच्या ओळीपर्यंत एक अक्षर चुकली नाही. मामांनी माझ्याकडे पाहिलं – 'बघा!' अशी एक क्षीण आशा.

"पेन्सिल," मी म्हटलं, "आता डोळे मिटून वाच."

मग तिने डोळे मिटले आणि खालच्या आवाजात, तितक्याच धडाधड, पूर्ण तक्ता म्हणून दाखवला.

मामा वाट बघणाऱ्यांच्या बाकावर जाऊन बसले.

"अगं, मला सांगायचंस ना..."

"कसं सांगू?" ती एकदम रडायलाच लागली. "तू येईल त्याला सांगतोस, डोळे असावेत तर माझ्या भाचीसारखे! मग मी कसं सांगू, मला फळा दिसत नाही म्हणून?"

मामा उठले, तिच्या डोक्यावर टपली मारली, मग तिला जवळ घेतलं. "गाढव," म्हणाले. "मी. तू नव्हेस."

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "बाईंनी एका चिठ्ठीत सांगितलं होतं. आणि मी भांडायला आलो."

"पण आलात ना," मी म्हटलं.

पेन्सिलचा चष्मा मंगळवारी तयार झाला. तो लावून ती दुकानाच्या पायरीवर आली आणि समोरच्या झाडाकडे बघत म्हणाली, "झाडाला सुटी सुटी पानं असतात?" मामा मागे वळून काउंटर पुसायला लागले. काउंटर स्वच्छच होता.

*

मग आमची शिकवणी बदलली. मी टिपणं गोळा करून कपाटात टाकली. नियम एकच. आधी पुस्तक मिटायचं, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं वेगळ्या शाईने भरायचं. पहिल्या दिवशी चौघांचे कागद जवळजवळ कोरे होते. "ताई, आम्हाला काहीच येत नाही!" डुलक्या हादरून म्हणाला. इतका जागा मी त्याला पहिल्यांदाच पाहिला.

मामांनी जुन्या काचांचा एक खणाखणांचा ट्रे आणला. प्रत्येक खणात प्रश्नांच्या चिठ्ठ्या, सगळ्या धड्यांच्या सरमिसळ. रोज संध्याकाळी ते ट्रे हलवायचे आणि म्हणायचे, "तक्ता बदलला! या, कोण बसतंय खुर्चीत?"

जुळ्यांचं गुपित तिथेच फुटलं. त्यांनी पुस्तक निम्मं निम्मं वाटून घेतलं होतं, सम धडे एकाचे, विषम दुसऱ्याचे.

"अरे, पण परीक्षेत?" मी विचारलं.

"परीक्षेत आम्ही शेजारी बसतो," एक म्हणाला.

"गेल्या वेळी वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं," दुसरा म्हणाला. "तेव्हा जरा पंचाईत झाली."

मग सम धडेवाल्याने विषमवाल्याला शिकवायचं आणि उलट, असं ठरलं. दोघं एकमेकांवर इतके ओरडायचे की शेजारच्या काकू विचारून गेल्या. डुलक्या रात्री पांघरुणात शिरून अभ्यास करायचा, म्हणून पाच ओळींत गार व्हायचा. त्याला मी अभ्यास खुर्चीत आणि झोप पलंगावर, अशी वाटणी करून दिली. पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं अंगणात पळून यायचं. दुसऱ्याच आठवड्यात त्याला टोपणनाव बदलून हवं होतं.

मामा आता भाचीला न्यायला येत नसत. सोडायला येत आणि थांबत. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून चष्मे दुरुस्त करत. मी शिकवत असताना बारीक पेचकस मध्येच थांबायचा... मी वळून पाहिलं की पुन्हा फिरायला लागायचा.

एकदा मी फळ्यावरून हाक मारली, "अहो, तो ट्रे द्या ना!" नुसतं 'अहो'. मामा म्हणायचं राहूनच गेलं. मग जुळ्यांनी एकमेकांना कोपर मारलं आणि पेन्सिलने नव्या चष्म्यातून आधी मामाकडे, मग माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"पुस्तकात बघ," मी म्हटलं.

"पुस्तक मिटलंय, ताई. तुमचाच नियम."

मुलं गेल्यावर मामा रेंगाळले. मी फळा पुसत होते.

"आज दिवसभरात तुम्ही मला ताई म्हणाला नाहीत," मी फळ्याला सांगितलं.

"लक्षात आलं तर तुमच्या." जरा थांबून, "म्हणू का?"

"...नको."

"बरं झालं," ते म्हणाले. "मलाही जड जात होतं."

परीक्षेच्या आठवडाभर आधी त्यांनी मला दुकानात बोलावलं – "तुमचा नंबर बदललाय, डोळे बारीक करून वाचता." तपासणीची ती जड गोल फ्रेम माझ्या नाकावर ठेवली आणि एकेक काच सरकवायला लागले.

"हे बरं, की... हे?"

"दोन्ही सारखंच."

"सारखं नसतं. परत बघा. हे... की हे?"

"तुम्हाला काय वाटतं?"

ते खुर्चीसमोर वाकून हसले. इतक्या जवळ, की आता सुरकुत्या मोजायची गरज नव्हती. "अहो, डोळे तुमचे! लोक ना, इथे बसूनही घाबरतात, उत्तर चुकेल म्हणून. यात चूक नसते. तुम्हाला काय हवं, तेवढंच सांगायचं."

"मला ते सांगता येत नाही," मी म्हटलं. "कधीच. आईला एक गोष्ट सांगायची होती. तिने विचारलंही होतं. मी म्हटलं, काही नाही."

काच त्यांच्या बोटांत तशीच राहिली.

"काय सांगायचं होतं?" त्यांनी विचारलं.

बाहेर दाराची घंटी वाजली, गिऱ्हाईक आलं. मला बरं वाटलं, आणि अजिबात बरं वाटलं नाही.

परीक्षा सुरू झाली तशी मला एक विचित्र भीती वाटू लागली. पेन्सिल पास व्हावी म्हणून मी जीव टाकत होते. आणि ती पास झाली, की मामांना माझ्या दारात यायला कारणच उरणार नव्हतं. माझी रजाही संपणार होती. परतीचं तिकीट आईच्या कपाटाच्या आरशात खोचलेलं होतं, निकालाच्या दुसऱ्या दिवसाचं. केस विंचरताना रोज दिसायचं.

*

निकालाच्या दिवशी अकरा वाजता फाटक इतक्या जोरात उघडलं की भिंतीवर आपटलं.

"एकसष्ट!" पेन्सिल अंगणातूनच ओरडली. "ताई, गणितात एकसष्ट!"

मागोमाग जुळे आले. दोघांना चोपन्न. वेगवेगळ्या खोल्यांत बसूनही सारखेच, म्हणून मुख्याध्यापकांनी दोघांना बोलावून तोंडी प्रश्न विचारले होते आणि दोघांनी सगळ्यांची उत्तरं दिली होती. डुलक्या चक्क इतिहासात वर्गात तिसरा. तो सांगता सांगता पायरीवर बसला आणि बसल्या बसल्या झोपला. आठवडाभराचा जागा होता बिचारा. आम्ही सगळे इतके हसलो, तरी उठला नाही.

मी एकेक प्रगतिपुस्तक हातात घेऊन बघत होते. पेन्सिलचं बघताना पेन घेतलं आणि एकसष्टच्या शेजारी समासात एक बारीक टिंब दिलं. मग पाणी आणायला आत गेले आणि आईच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून जरा वेळ उभी राहिले.

बाहेर आले तेव्हा मामा आले होते. इस्त्रीचा शर्ट. कानामागे पेचकस नव्हता, त्यामुळे ते जरा परके दिसत होते. मुलं अंगणात गलका करत होती.

"आभार मानायला आलोय," ते म्हणाले. "बाईंचेही मानायचे राहिले. आता तुमचेच मानतो, दोघींचे मिळून."

"काहीतरीच काय..."

"उद्याची गाडी ना तुमची?"

"दुपारची."

"स्टेशनवर सोडायला येऊ? की... कुणी आहे?"

"कुणी नाही."

ते काहीतरी बोलणार होते. मग एकदम सरळ उभे राहिले, दारात पहिल्या दिवशी होते तसे, आणि म्हणाले, "बरं. येतो मग, ताई."

ताई!

दोन महिन्यांनी तो शब्द ऐकला. रागावून म्हणाले नव्हते ते. दार हळूच लोटून घ्यावं, तसं म्हणाले होते. मला जाणं सोपं व्हावं म्हणून. ते पायऱ्या उतरले. अंगण ओलांडलं. फाटकाच्या कडीला हात घातला.

आणि मला स्वच्छ कळलं, की मी आता दारात उभी राहून 'काही नाही' म्हटलं, तर हा भला माणूस त्यावर विश्वास ठेवेल. आईनेही ठेवला होता. 'बरं, उद्या सांग,' म्हणाली होती.

"थांबा!"

माझा आवाज इतका मोठा निघाला की मुलांचा गलका थांबला. मामा वळले. पाच जोड्या डोळे माझ्यावर. डुलक्याही जागा झाला होता.

मी चप्पल न घालताच पायऱ्या उतरले. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. चष्मा अजिबात घसरला नव्हता, तरी बोटाने वर ढकलला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. अगदी हळू.

"मला जायचं नाहीये," मी म्हटलं. "आईला हेच सांगायचं होतं. मला इथे राहायचंय... या घरात. ही शिकवणी चालवायचीये. आणि तुम्ही रोज पाच वाजता यायला हवंय मला. भाचीला सोडायला नाही. माझ्यासाठी. मला तुम्ही हवे आहात."